माझ्या तोंडी दीक्षाचा आवाज

मी, ललिता भाऊसो कांबळे, वय ७२, धंदा नाटक-सिनेमात काम करणे आणि इतरांकडून करवून घेणे, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्याच अकलेने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. राग ठिकाणावर आहे, त्याला दाखला लागत नाही.

१. राहतं घर भावाचा मुलगा प्रसेनजीत यास. माझं एकही नाटक त्याने धड पाहिलं नाही, पण दवाखान्याच्या खेपा त्यानेच घातल्या.

२. रंगपेटी आणि लुगडी बावड्यातल्या नाटक करणाऱ्या पोरींना. कपाटात जपून ठेवणार असतील तर देऊ नयेत.

३. निर्माते हंबीरराव यांस काही नाही. माझ्या शोकसभेत भाषणही नाही. हुपरीच्या पैंजण करणाऱ्या बाईवरचं नाटक मी लिहिलं, बसवलं, गावोगाव केलं. त्या नाटकावरच्या सिनेमाचं दिग्दर्शनही माझं आणि बाईचं कामही माझंच. हंबीररावांना माझं ‘न्हाय’ खुपायचं. “बाई, पुण्या-मुंबईला कळंल असं बोला की!” मी म्हटलं, “हुपरीची बाई हुपरीचंच बोलणार.” त्यांनी मान डोलावली. पुढे घशाच्या ऑपरेशनसाठी मी दवाखान्यात असताना त्यांनी गुपचूप डबिंग उरकलं. पहिल्या खेळाला पडद्यावर मी तोंड उघडलं आणि ऐकू आलं, “नाही हो, मालक.” आवाज दीक्षाचा.

४. दीक्षा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. आई गेल्यावर मीच वाढवली. वाक्यात दम कुठे घ्यायचा ते मी शिकवलेलं, म्हणून तर लगेच ओळखलं. शेजारच्याच खुर्चीत बसली होती.

“मावशी, ते म्हणालं तुझी परवानगी हाय.”

“मग मला इचारायला तुझं तोंड कुठं गेलतं?”

सिनेमातल्या बाईच्या कामाचं बक्षीस मला मिळालं. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्याने केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. पोरीने केसाने गळा कापला. सिनेमातला माझा मूळ आवाज त्यांनी पुसून टाकला आणि नाटकाचं रेकॉर्डिंग कधी कुणी केलंच नाही.

५. नाटकाचे सर्व हक्क दीक्षाला. अट एकच, बाईचं काम तिने स्वतः करावं, हुपरीच्या बोलीत, एक शब्द न बदलता. माझं बोलणं आता तिच्याच जिभेवर उरलंय, दुसऱ्या कुणाला देऊ? तिला माफ केलेलं नाही, याचीही नोंद असावी.

साक्षीदार म्हणून सही करायला दीक्षाच आली होती. वकीलबाईंनी तिला थांबवलं. ज्याला काही मिळणार त्याची साक्ष चालत नाही.

“मला काय दिलंयस गं, मावशी?” तिने विचारलं.

मी कागद पालथा घातला. मी जिवंत असेपर्यंत हा कागद तिला वाचू देऊ नये.

सही: ललिता भाऊसो कांबळे

साक्षीदार, आम्हांसमोर बाईंनी सही केली:
१) आकाराम दादू चौगुले, शेजारी
२) विठाबाई गुंडू माने, नाटकातली सोबतीण

कसबा बावडा, कोल्हापूर
दि. १८ नोव्हेंबर २०२४