मागचा कोरस

मँचेस्टर, रविवार

पप्पांना लुंबिनीचा मनापासून जयभीम.

गळ्याच्या ऑपरेशनपासून फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता, म्हणून हे पत्र. मी मजेत हाय. दवाखान्यातली माणसं चांगली हायेत. ड्युटी संपली की खोलीवर लई शांत वाटतं, एवढंच.

दादाच्या मोबाईलवर मी गाणी पाठवलीत. दुपारी आडवं पडून पिंक फ्लॉइड ऐका. त्यांची गिटार उदगीरच्या किल्ल्यावरल्या घारीसारखी पंख न हलवता तरंगत राहते. क्वीन बँडची गाणी मम्मीला ऐकवा. एका गळ्याचे धा गळे करतात ते.

काल इथं एका जुन्या रॉक बँडचा कार्यक्रम पाहिला. गाणारा तुमच्याच वयाचा. वरच्या सुराला त्याचा आवाज फाटला. मला वाटलं, संपलं. त्यानं हसत माईक लोकांकडं केला, आन सगळं मैदान गायला लागलं. मी डोळे मिटले, तर आपल्या गायन पार्टीत तुमच्या मागं कोरसला बसलेली होते.

दादा म्हणाला, तुम्ही पेटी देऊन टाकायलाव. खरं हाय का?

देऊ नका, पप्पा. जयंतीला तुम्ही फक्त मुखडा उचला. पुढचं आम्ही धरतो. मी रजा टाकलीय.

तुमच्या मागं बसणारी,
लुंबिनी