उद्या या

३ नोव्हेंबर २०२५, परभणी

आलो एकदाचा. निघताना आईने डोळ्यांना पदर लावला, जणू पोरगा सीमेवरच निघालाय. इथे रिक्षावाल्याने नवखा ओळखून अर्धं गाव फिरवलं आणि मग ऑफिसला सोडलं. फुकटात गाव बघून झालं, आवडलंही.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. गावोगावच्या शाळांची जुनी दाखल-खारीज रजिस्टरं टाइप करून द्यायची, हा धंदा. टाइप करणाऱ्या बावीस बायका आपापल्या घरी, ताडकळसपासून देवगाव फाट्यापर्यंत. घरचा त्यांचा कॉम्प्युटर म्हणजे नुसती खिडकी. खरा डेस्कटॉप इथे आमच्या सर्व्हरवर, लिनक्सवर चालतो. मागच्या वर्षी पुण्यात बसून हाच सर्व्हर मी सांभाळत होतो, पण तेव्हा माणसं म्हणजे नुसते नंबर. आता सगळे डेस्कटॉप मराठीतून नव्याने उभे करायचेत, म्हणून मला बोलावलंय. मॅनेजर विष्णुपंत साहेब साठीच्या घरातले, फार गोड बोलतात.

६ नोव्हेंबर

दहा डेस्कटॉप झाले. ताडकळसच्या सुलाबाईंचा फोन आला. काम संपल्यावर दाबायच्या बटणावर मी ‘बाहेर पडा’ लिहिलं होतं. “काय ओ नचिकेत दादा, घरातून हाकलायलाय का आमाला?” मला हसू फुटलं. बाईंचं बरोबरच आहे. आपल्यात निघताना कोणी ‘जाते’सुद्धा म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात. मी बटणावर ‘येते’ लिहून टाकलं. पाच वाजता माझ्या पडद्यावर ओळीने नोंदी पडल्या: अमकी येते, तमकी येते. घरात पाहुण्या येऊन गेल्यासारखं वाटलं. पुणेकर असून डोकं आहे, असं साहेब म्हणाले. असो.

११ नोव्हेंबर

बावीस बायका, आणि ‘येते’ मात्र तेवीस. जास्तीचा नंबर सतरा. जुन्या यादीत तो रिकामा होता, म्हणून मीही कुणाला दिलेला नाही.

घरची खिडकी मिटली तरी इथला डेस्कटॉप चालूच राहतो. लेक सासरी गेली तरी माहेरी तिची खोली तशीच असते ना, तसं. म्हणून वाटलं, जुनं काहीतरी राहिलं असेल. पण आल्या दिवशी मी सर्व्हर स्वतः पुसून नव्याने मांडलाय. तरी रोज दुपारी चार बाराला ताडकळसहून सतरा नंबर उघडतो. कोणीतरी थोडं टाइप करतं. मग ‘येते’.

साहेबांना विचारलं. त्यांचा चेहरा उतरला. बंद करून टाक आणि पुन्हा विषय काढू नकोस, म्हणाले. गोडवा कुठल्या कुठे गेला होता.

१३ नोव्हेंबर

सुलाबाईंनी सांगितलं. सतरा नंबर म्हणजे मनकर्णा, ताडकळसचीच. घर शेतात, एकटं. गेल्या वर्षी एकवीस नोव्हेंबरला नवरा बाजाराला गेला होता आणि दुपारी काम करता करता तिला साप चावला. तिथे मोबाइलला रेंज नाही, पण नेटची तार घरात आलेली. म्हणून तिने पडद्यावरूनच ऑफिसला लिहिलं, हे पुढे ऑफिसातूनच फुटलं: ‘साप चावला. माणूस धाडा.’ सुलाबाई म्हणाल्या, “लय वाट बघितली असंल हो तिनं. कोन बी आलं न्हाई.” नवरा आला तेव्हा ती कॉम्प्युटरपुढे बसल्या बसल्या थंड झाली होती. पडदा काळा होता, म्हणजे डेस्कटॉप ऑफिसकडूनच बंद केलेला.

माझं डोकं फिरलंय. ज्याने कोणी तो पडदा काळा केला, त्याला तिने सोडू नये. त्यालाही तसंच मरण यावं, माणसांत असून माणूस न मिळता. रागात नाही, विचार करून लिहितोय. नाव मी शोधून काढणार.

१४ नोव्हेंबर

सर्व्हर पुसण्याआधी काढून ठेवलेल्या प्रतीत गेल्या वर्षीच्या नोंदी सापडल्या.

चार नऊला साहेबांनी तिचा निरोप वाचला. मग पुण्याला फोन केला. सतरा नंबरची रोजची नाटकं आहेत, महिन्यात दोनदा रजा मागितली, बंद कर तिला. चार बाराला डेस्कटॉप बंद झाला. बंद करणाऱ्याचं नाव नचिकेत.

मी. साहेबांचा तो फोन आणि हातातला चहाचा कप, एवढंच आठवतंय. डेस्कटॉप बंद करताना समोरच्याला एक ओळ पाठवता येते. कचेरीतल्या कारकुनाची नक्कल करायची म्हणून मी गमतीने लिहिलं होतं,

उद्या या.

तिने काय लिहिलंय ते मी बघितलं नव्हतं. बघता येत होतं.

रोज ती ‘येते’ म्हणते, ते याला उत्तर आहे.

१७ नोव्हेंबर

साहेब गेले. चार बाराला. केबिनमधून ओरडले, मी धावलो. टेबलाखालून पाय ओढून घेत होते. टेबलाखाली वायरी, दुसरं काही नाही. घोट्यावर दोन ठिपके. साप चावला म्हणून डॉक्टर सांगतात. तिसऱ्या मजल्यावर! सगळं ऑफिस उपसलं, काही सापडलं नाही.

त्यांच्या पडद्यावर एकच शब्द होता. ‘आले.’

खरं सांगू? क्षणभर बरं वाटलं मला. मग आठवलं, आम्ही दोघं होतो.

१८ नोव्हेंबर

बटण काढलं. सतरा नंबर पुसला. सर्व्हरची वायर उपटली.

चार बारा. ‘येते.’

१९ नोव्हेंबर

ती कुठून येते ते बघितलं. आधी ताडकळसहून यायची. परवा साहेबांच्या टेबलावरून. आज माझ्या शेजारच्या टेबलावरून — तिथे कोणी बसत नाही.

पाय खुर्चीवर घेऊन बसलोय.

२० नोव्हेंबर

माझ्याच पडद्यावर. अक्षरं एकेक उमटली. साप चावला. माणूस धाडा.

मी लिहिलं, माफ करा ताई, मला माहीत नव्हतं.

माणूस धाडा.

मला लहान बहीण आहे, आई आहे, असलं काय काय लिहिलं —

माणूस धाडा.

टेबलाखाली काहीतरी सरकलं. घाबरून हात आपोआप चालला. काय लिहिलं ते पाठवल्यावर दिसलं. उद्या या.

पुन्हा तेच. माझ्या हाताने.

ती म्हणाली, येते.

२१ नोव्हेंबर, स्टेशन

पुण्याची गाडी उशिरा आहे. लॅपटॉप ऑफिसातच टाकलाय. पिशवीत कपडे, ही वही. बस्स.

फलाट भरलेला. भोवती माणसंच माणसं. बरं वाटतंय.

४.०८. मोबाइलवर कोणाचा तरी निरोप. नंबर नाही. ‘आले.’

४.१०. रेंज गेली.

पिशवीतून वायर लोंबतेय. काळी. मी वायर घेतलीच नव्हती —

पायाला —

ओरडतोय. आवाज फुटत नाही. शेजारी बाई शेंगा सोलतेय, बघत नाही. कोणीच बघत नाही. चौकशीच्या खिडकीतल्या माणसापुढे ही वही धरली. न वाचता त्याने झडप ओढली. उद्या या, म्हणाला.

हात जड. कोणी वाचत असेल तर

साप चावला

माणूस धा