हेल्मेटातलं पाणी

३ जून
आले एकदाची नांदेडला! विष्णुपुरीच्या पुढं, शेतांच्या मधोमध पत्र्याची शेड, आणि आत अंतराळवीरांचे सूट तपासतात. औशात आईला सांगितलं तर तिला खरंच वाटेना. माझं काम एकच. सूट घालून काचेच्या खोलीत बसायचं, खोलीतली हवा काढून घेतात, आणि हातमोज्यांतून बोटं किती चालतात ते बघायला अर्धा तास लिहायचं. काय लिहायचं ते आपल्या मनावर, म्हणून ही रोजनिशीच आत नेणार. मुख्य शिवलिंग सर देगलूरचे, लई हळू बोलतात. झाडलोट करणाऱ्या तुळजाबाईंनी पहिल्याच दिवशी भाकरी अन् ठेचा खाऊ घातला.

६ जून
सूटच्या आत गार पाण्याच्या नळ्या शिवलेला बनियन असतो. आज मानेमागं थेंब लागला. सर म्हणाले, घाम आहे. नंतर मी बोटानं टिपून जिभेला लावला. खारट नव्हता.

९ जून
पुन्हा पाणी. अंतराळात पाणी खाली पडत नाही, तोंडालाच चिकटून बसतं, माणूस हेल्मेटात बुडू शकतो, हे इथंच शिकवलं मला. पण ही तर जमीन आहे! पाणी पायाकडं ओघळायला पाहिजे. ते मानेवरून वर चढलं, कानापर्यंत. सरांनी माझं बोलणं मध्येच तोडलं आणि नोंदवहीत स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘गळती नाही’.

१० जून
माझ्याआधी रत्नम्मा नावाची मुलगी होती. सर म्हणतात, लग्न ठरलं म्हणून सोडून गेली. तुळजाबाईंना विचारलं तर हातातला झाडू थांबला.
“आत जाताना म्या पाह्यलं, बाई. भाईर येताना न्हाई.”

१२ जून
सोमवारी हा सूट बंगळुरूला जाणार. कुणीतरी तो घालून वर जाईल. ‘सूट ठीक’ या कागदावर मी सही करणार नाही म्हणाले. सर हसले. म्हणाले, उद्या शेवटची चाचणी घे, मग ठरव. राजीनामा लिहिला, फाडला. मी गेले तर कळवणार कोण? गळतीची जागा सापडायला हवी.

१३ जून, आतून
सकाळचे अकरा. बोटं जड.
पाणी आलं. हेल्मेट बसतं त्या गळ्याच्या कडीपाशी, डावीकडून —
सरांना खूण केली. बघत राहिले नुसते. माईक बंद केला.
कान भरले. तुळजाबाई सरांचा हात ओढताहेत — ते हलत नाहीत —
तोंडावर केस आले. ओले, लांब. माझे तर आखूड —
नाकाशी. श्वास धरला.
डावीकडची कडी. बंगळुरूला सांगा. हा सूट कुणालाच घालू द्