आतड्यातल्या कोंबांची हकीकत

तीर्थरूप मुंजाजी दादांच्या पायी उमापूरहून धाकट्या शहादेवाचं दंडवत. हिकडं समदे खुशाल हायेत. वहिनींचा गुडघा आन् कडा गावच्या कारखान्यातली तुमची वॉचमनकी कशी चाललीय, ते कळवावं.

दादा, मागल्या महिन्यात मी बीडला गेलतो ते बैल बघायला न्हाई (गावात तसंच सांगितलंय, तुमी फोडू नका). सहा महिन्यांपासून परसाकडंला रक्त पडत व्हतं. मूळव्याध असंल म्हणून मी मुकाट मुळ्याचा रस पीत राहिलो. साखराबाईच्या ध्यानात आलं तसं ती एवढंच म्हणाली, का एकतर दवाखान्यात चला, न्हाईतर मी माहेरी चालले. माहेरची मान्सं परवडत न्हाईत, म्हणून दवाखाना धरला.

डॉक्टरीणबाई तुमच्या लेकीच्या, अंजूच्या वयाची. म्हणाली, खालून दुर्बीण घालून आतडं बघायचं. (खालून म्हंजे कुठून, ते मी दोनदा विचारलं. दोन्ही बारीला उत्तर तेच.) आतडं धुवून निघावं म्हणून एक पावडर दिली, सकाळी घरी दोन लिटर पाण्यातून प्यायची आन् संडासापासून लांब जायचं न्हाई. मला वाटलं, आपलं पोट चिवट, दुपारपर्यंत दम धरंल. पिऊन सरळ वडापच्या जीपमधी बसलो. गेवराई यायच्या आत रामेश्वर ड्रायव्हरनं चार बारी गाडी थांबवली. एकदा पेट्रोल पंपावर, बाकी उसात. शेजारी चंद्रभागाबाई दोन कोंबड्या घेऊन बसलेल्या, त्यांनी आधी जायफळ उगाळून घ्यायला सांगितलं, मग कोंबड्या उचलून पुढच्या शिटावर गेल्या. पाचव्या बारीला मी नुसता खाकरलो, तरी रामेश्वरनं ब्रेक मारला.

दवाखान्यात कुशीवर निजवलं. समोर टीव्हीवर माझंच आतडं, गुलाबी, ओलं. त्याच्या भिंतीला भुईछत्रासारखे तीन कोंब. बाईनं तारेच्या फासानं ते एकेक कापून काढले. दुखलं न्हाई, पण लाज लई वाटली. तुकडे तपासायला गेले. ते आठ दिवस मी शेळ्यांमागं जायचो, पण शेळ्या कुठं गेल्या ते ध्यानात राहायचं न्हाई. नवव्या दिवशी बाईनं कागद वाचला आन् म्हणाली, "काका, हा मोठा कोंब राहिला असता तर पुढं त्याचाच कॅन्सर झाला असता. वेळेवर आलात." साखराबाई तिथंच खाली बसली. मी तिला पाणी दिलं, तर तिनं ते मलाच पाजलं. आता तीन वर्षांनी परत दुर्बीण.

मोठ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
शहादेव

ता. क. : बाईनं इचारलं, घरात कुणाला व्हतं का. मी आपल्या वडलांचं, आबांचं सांगितलं, पोटातल्या गाठीनं गेले म्हणून. तर म्हणाली, सख्ख्या भावाला तपासायला आणाच, काही दुखत नसलं तरी. फोनवर दवाखान्याचं नाव काढलं की तुमची रेंज जाते, म्हणून हे पत्र. आबा एकावन्नाव्या वर्षी गेले. तुमाला औंदा पन्नास लागलं.

ता. क. दुसरं : बीडला त्याच बाईकडं तुमचा सोमवारचा नंबर लावलाय. वहिनींना समदं ठाऊक हाय, पावडर त्यांच्याजवळ पोचली. रविवारी मी मुक्कामाला येतो. तुमी सटकलात, तर कारखान्याच्या गेटवर, पाळी बदलायच्या टायमाला, समद्यांसमोर मोठ्यानं इचारीन, दादा, पोट साफ झालं का?