मदत : नाही

ती. वन्सं यांस,
सा. न. केंद्रातल्या संशोधक बाईंनी माझ्यावर लबाडीचा ठपका ठेवला आहे आणि तो खरा आहे, म्हणून हे पत्र. तुमच्या गुडघ्यांची चौकशी मनापासून करते. उत्तर सविस्तर नको.

सैन्यात नजर गमावलेली माणसं घरात एकट्याने वावरायला कशी शिकतात, यावर केंद्रात संशोधन चाललं आहे आणि त्यात तुमचे भाऊ आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. रोज पांढऱ्या काठीने चाचपत स्वयंपाकघरात जायचं, चहा करायचा, परत यायचं. मी फक्त वहीत लिहायचं : कुठे धडकले, किती मदत लागली. सहा आठवडे मी लिहिलं, धडक नाही, मदत नाही. (अक्षर सुरेख आहे, हे बाईंनीही कबूल केलं.)

केंद्रातल्या खोलीत मात्र ह्यांनी पहिल्याच फेरीत दोन खुर्च्या, एक टेबल आणि एक निरीक्षक आडवा केला. बाई चक्रावल्या. न कळवता घरी आल्या, तर हे रिकाम्या हातांनी ऐटीत चालताहेत आणि मी काखेत वही धरून, अनवाणी, श्वास रोखून, त्यांच्यापुढे खुर्च्या बाजूला करत उलटी चालते आहे. (तोंडातून शब्द काढला नव्हता. माझ्या मते बोललं तर मदत.) "काठी कुठे आहे?" असं बाईंनी विचारलं तेव्हा मी पाणी आणायला आत गेले.

"काकू, सहा आठवडे आम्ही तुमचीच चाचणी घेत होतो," त्या म्हणाल्या. आता ह्यांनी पंधरा दिवस एकट्याने राहायचं. जमलं तर काठी घेऊन रस्त्यावर. नाही तर संशोधनातून नाव कमी.

बाई गेल्यावर हे म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझे गुडघे वाजतात."

"मग बोलला का नाहीत?"

"चाळीस वर्षांत पहिल्यांदाच गप्प होतीस. म्हटलं, चालू दे."

ते पडतील ही धास्ती आहेच. पण न पडता पंधरा दिवस काढले तर पुढे मी काय करायचं, हे अजून स्वतःला विचारलेलं नाही.

तुमची भावजय

ता. क. : ते पंधरा दिवस तुमच्याकडे काढावेत म्हणते. शनिवारी सकाळी पोचते. तुमच्या खुर्च्यांना हात लावणार नाही.

आणखी ता. क. : आज सुपूर्द केलं ते असं. बाईंना : खोटी वही, एक. ह्यांना : घराची किल्ली, एक, गॅसचा लायटर, एक, पांढरी काठी, एक (कपाटामागून काढून, पुसून. तिथे मीच ठेवली होती).