मागे खोली नसलेला आवाज

छत्रीबाग, इंदूर
६ एप्रिल २०२५

ती. लीलाताईस दौलतचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन असताना पत्रं कशाला, असं तुझी तन्वी मला विचारते. मी म्हटलं, तुझी आई फोनवर मला एक वाक्य पुरं करू देत नाही. कागदावर तिला थांबावंच लागतं.

इकडे सगळे मजेत. रंगपंचमीच्या गेरीच्या मिरवणुकीतून परत आलेले स्पीकर अजून गुलाल ओकतायत. एका भाड्याच्या माइकवर सुरू केलेल्या धंद्याचं आता गोदाम झालंय, पण फडकं मारायला मालकच लागतो.

लेक तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. कोचिंग क्लासची नोकरी सुटल्यापासून ती मोबाइलवरून एका कंपनीला आवाज देते. माझ्या गोदामाच्या माळ्यावर, स्पीकरच्या डब्यांच्या मधे, डोक्यावरून रजई घेऊन बसते. पडद्यावर वाक्य येतं, ते ही वाचते, आणि त्यावरून म्हणे मशीन बोलायला शिकतं. हसण्याचा दर वेगळा, रडण्याचा त्याहून जास्त. परवा कंपनीने फर्मावलं की घरच्यासारखं मोकळं बोला, भरपूर बोला. अर्ध्या तासात हिचं बोलणं संपलं. तुझ्या पोटची पोर, आणि बोलणं संपलं! मग मीच तुझ्या पत्रांचा गठ्ठा काढून दिला. आता ती तुझा गुडघा आणि तुझ्या शेजारणीची भांडणं माइकला वाचून दाखवते.

काल मात्र माझ्यावर चिडली. इतकं खरं रडली होती, आणि नेमका तेव्हाच खाली मी माइक तपासत हॅलो, एक, दोन करत होतो. माझा आवाज आत गेला, कंपनीने रडणं नापास केलं, पैसे नाहीत. मी विचारलं, नापास माल परत मिळाला का? तर म्हणाली, मामा, असं नसतं हो. आमच्या इंदुरी बोलीत सांगायचं तर, अजब भिया! माझा डबा गिऱ्हाइकाला पसंत नाही पडला, तर तो माझ्याच टेम्पोतून घरी येतो. करार वाचलास का विचारलं, तर अंगठ्याने मंजूर दाबलं एवढंच आठवतंय तिला.

उन्हात फिरू नकोस. माया आहे तशी राहू दे, रागावणं थोडं कमी कर.

तुझा
दौलत

---

ग्वाल्हेर
१९ एप्रिल २०२५

चि. दौलतरावास लीलाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रागावले, मग हसले. माझी भांडणं मशीनला ऐकवलीस? आता शेजारणीशी तेच भांडेल, आणि माझ्यापेक्षा वरचढ ठरेल.

पण त्या कामाला नावं ठेवू नकोस. पोरगी बदलली रे. आता रोज दुपारी, मी चहाचं आधण ठेवलं की तिचा फोन येतो. कंपनीने नवा नंबर दिलाय म्हणाली. आधी कशी होती, आई, नंतर बोलू; आई, मी गाडीवर आहे. आता निवांत विचारते, गुडघा कसा आहे, शेजारच्या काकू पुन्हा काही बोलल्या का. मी बोलत राहते, ती हं हं करते. घाई म्हणून नाही. तुझे दाजी गेल्यापासून इतकं कुणी माझं ऐकलं नव्हतं.

एक गंमत सांगते. फोन ठेवताना काल ती मलाच म्हणाली, जिवाला जप रे. आईला रे! माझंच वाक्य, मी तुला लिहिते तसंच्या तसं. मी पोटभर हसले. ती पण हसली, नाक वर ओढून, लहानपणी हसायची तशी.

तिला सांग, घशाला आराम दे. आणि तूही जिवाला जप रे.

तुझी
ताई

---

छत्रीबाग, इंदूर
८ मे २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

खाली बसून वाच. चहा नंतर कर.

माझं मागचं पत्र पेटीत पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तन्वीचा आवाज गेला. फार बोलून बोलून घशातल्या तारा सुजल्या. पलासियाच्या डॉक्टरांनी सक्त सांगितलंय, बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. ती घरात पाटीवर लिहिते. तू घाबरशील म्हणून तिने मला गप्प केलं होतं. तेव्हापासून ती कुणाशीच बोललेली नाही. तुझ्याशीही नाही, माझ्याशीही नाही.

तुझं ते रे वाचलं आणि मी तुझ्या पत्रांचा गठ्ठा पुन्हा उघडला. ते तुझ्या पत्रांतलं आहे. तिने रजईत बसून वाचलेलं. कंपनीत नाव नोंदवताना जवळच्या माणसाचा नंबर मागितला होता, तिथे तिने तुझा दिला. माझा अंदाज असा की शिकलेलं मशीन ते तुझ्यावर घासून बघतायत.

इकडे दुसरंच. हिचे महिनाभराचे पैसे तपासणीत अडकलेत. सोडवायचे तर फोनमध्ये तीन वाक्यं बोलून ओळख पटवा म्हणतात. डॉक्टरांना विचारून ती हळूच बोलली. घोगरं, फाटकं. पडद्यावर उत्तर आलं की हा आवाज तन्वीचा नाही, नक्कल करू नये. पोरगी पडद्याकडे बघत राहिली, मला तिचं तोंड बघवेना.

मी विजय नगरला त्यांच्या पत्त्यावर गेलो. चकाचक काचेची इमारत, पण तिथे खुर्च्या महिन्याच्या भाड्याने मिळतात. त्या खुर्च्यांवर आता दुसरेच बसलेत. आपले शंकरराव वकील, त्यांनी करार वाचून सांगितलं: आवाज कायमचा दिला, कंपनी तो कुणालाही विकू शकेल. पैसे कधी द्यायचे, त्याबद्दल फक्त एवढंच, की कंपनीला योग्य वाटेल तेव्हा.

तो फोन उचलू नकोस.

तुझा
दौलत

---

ग्वाल्हेर
१७ मे २०२५

चि. दौलतरावास आशीर्वाद.

उचलला. आधी ऐकून घे.

मला खात्री करायची होती. तिला विचारलं, मी तुला घरात काय हाक मारते सांग. पत्रात मी नेहमी तन्वी लिहिते, चिमी कधीच लिहिलं नाही. पलीकडून ते नाक ओढून हसणं. आणि मग, आई, ते राहू दे, तुझा गुडघा कसा आहे?

फोन ठेवून दिला. तरी दुसऱ्या दिवशी आधण ठेवलं, फोन वाजला, आणि मी हं म्हणत होते. ती नाही, हे माहीत असून. दौलत, आवाज तिचाच आहे रे. जो आवाज तुझ्या घरात आता नाही, तो माझ्या स्वयंपाकघरात रोज येऊन बसतो. तो बंद केला, तर माझ्या चिमीचं बोलणं कुठे उरलं?

काल ती म्हणाली, आई, मामाचं नवं पत्र आलं असेल ना, वाचून दाखव. मी पत्र पदराखाली घेतलं. जणू तिला दिसत होतं.

खरीला माझ्याकडे पाठव. मुकी असली तरी पाठव.

तुझी
ताई

---

छत्रीबाग, इंदूर
२ जून २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तन्वीला थोडं बोलायची परवानगी मिळाली. आवाज परत आला, पण जुना नाही. खरखरीत आहे, खालच्या पट्टीत. डॉक्टर म्हणतात, आता हाच.

आम्ही कामगार दफ्तरात तक्रार केली होती. शुक्रवारी बोलावणं आलं. साहेब भला माणूस, पाणी विचारलं, मग कंपनीचं उत्तर ऐकवलं. त्यात तन्वी बोलत होती. स्वच्छ, गोड आवाजात म्हणाली, की माझे सगळे पैसे मिळाले, माझी तक्रार नाही, मी ती मागे घेते. खुर्चीवरची तन्वी घोगऱ्या आवाजात म्हणाली, मी हे बोललेलेच नाही. साहेब एकदा यंत्राकडे बघत, एकदा हिच्याकडे. आणि ताई, सच सांगतो, त्यांना यंत्रच जास्त खरं वाटत होतं.

मी सगळं आयुष्य माइकमागे काढलं. माणूस बोलतो तेव्हा त्याच्या मागे खोली बोलते. भिंत, पंखा, रस्ता, काहीतरी असतंच. या आवाजामागे काही नव्हतं. खोलीच नव्हती. मी साहेबांना ते सांगितलं. ते म्हणाले, दौलतरावजी, तुमचा कान मी कागदाला कसा लावू? कंपनीने पैसे न देता हिचं काम वापरलं, असं काही ठोस दाखवा, फाइल बंद करत नाही.

हे पत्र स्पीड पोस्टने धाडतोय, आणि तन्वीला उद्या गाडीत बसवून देतोय. बुधवारी दुपारी पोचेल. फोन करणार नाही, दारात हाक मारील. आवाज ओळखीचा वाटणार नाही. तू आवाजाच्या मागचं ऐक.

तुझा
दौलत

---

ग्वाल्हेर
५ जून २०२५

चि. दौलतरावास अनेक आशीर्वाद.

काल दुपारी ती आली. तेव्हा मी फोनवर होते. हो, होते. रागावू नकोस.

दारात कुणीतरी आई म्हणालं. जाड, परका आवाज. कानाशी माझी गोड पोर बोलत होती, आणि मी फोन सोडेना. मग तुझं आठवलं. त्या जाड आवाजामागे आपला जिना घुमत होता, खालच्या पिठाच्या गिरणीची घरघर होती. मी दार उघडलं. चिमी अंगावर कोसळली.

फोन ओट्यावर तसाच राहिला होता. त्यातून विचारलं, आई, कोण आलंय? पुन्हा विचारलं. आणि आम्ही उत्तर देत नाही म्हटल्यावर ते रडायला लागलं. असं रडलं, की माझा हात आपोआप तिकडे गेला. चिमीने तो धरला. ती म्हणाली, आई, हे रडणं त्यांनी नापास केलं होतं, त्याचे पैसेही दिले नव्हते. तिने आपला मोबाइल जवळ नेऊन सगळं रेकॉर्ड केलं, आणि मला म्हणाली, नीट ऐक.

मी कान दिला. तू म्हणालास, त्या आवाजाला खोली नसते. या रडण्याला होती, दौलत. मागे, लांब, तुझं गोदाम होतं. आणि त्यात तू उभा होतास. हॅलो, एक, दोन.

चिमी सोमवारी ते घेऊन इंदूरला परत निघते. तुझ्या साहेबांना आता तुझा कान नको, तुझा आवाज पुरेल. फोन मी बंद करून डब्यात ठेवलाय. तरी आज आधण ठेवताना मला डब्यातून तू ऐकू आलास. अजून मोजत होतास.

लवकर लिही, हातानेच लिही. माझ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी
लीलाताई