नेलियाला घर, मारिसोलला बाग, सेवेरिनाबाईंना कोंबड्या

मी, फ्लोरेन्सिया दागुमान, वय एकाहत्तर, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार तालोरा, सामार बेट, फिलिपिन्स, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाविना लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. थकवा कायद्याच्या आड येत नाही, असं वकील म्हणाले.

१. माझं राहतं घर नेलिया आबुकाय हिला द्यावं. आमच्या शाळेतली सर्वांत चांगली शिक्षिका ती. हाँगकाँगला मोलकरीण म्हणून गेली, ती पगारासाठी, असं गाव समजतं. तेव्हा सेवेरिना कियाम्को हेडबाई होत्या. त्या वर्गात कधी आल्या नाहीत. ऑफिसातून हुकूम सोडायच्या आणि तपासणी आली की वाचनाचे तास बुडवून आमच्याकडून भिंती रंगवून घ्यायच्या. जाताना नेलिया मला म्हणाली, "बाई, तिथली मालकीण घासलेली भांडी निदान बघते तरी." आता ती परत येते आहे आणि तिला राहायला जागा नाही.

२. नारळाची बाग माझी भाची मारिसोल हिला. ती यंदा त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाली. घराचं ऐकून रुसली.

"आत्या, घर परक्या बाईला?"

"तुला शिक्षिका हवी ना? मग ती राहील कुठं?"

बागेसोबत तिला एक सांगणं. सेवेरिनाबाईंच्या आधी लुमापास सर होते. ते दर आठवड्याला माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसत. तास संपला की चुका काढत नसत, विचारत, "आज कुणाला कळलं नाही?" माझा नवरा समुद्रात बुडून गेला, तेव्हा महिनाभर माझा वर्ग त्यांनीच सांभाळला. त्या वर्षी चौथीत वाचता न येणारं एकही मूल राहिलं नाही.

मारिसोल म्हणते, "मी वर्गात येऊन बसले तर शिक्षक घाबरतील गं." सुरुवातीला घाबरतील. नंतर वाट बघतील.

३. कोंबड्या सेवेरिनाबाईंना. त्या अंथरुणाला खिळल्या आहेत, जवळ कुणी नाही. मी रविवारी पेज घेऊन जाते. एकदा म्हणाल्या, "मी इतकी वाईट होते का गं?" मी म्हटलं, "पेज निवतेय, बाई." माफ केलेलं नाही. अंडी मात्र कुणीतरी उकडून त्यांना भरवावीत.

४. माझ्यासाठी शाळेला सुट्टी देऊ नये. दफन शाळा सुटल्यावर करावं. उशीर झाला तरी चालेल, मला आता कुठं जायचं नाही.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.
फ्लोरेन्सिया दागुमान

आमच्यादेखत सही झाली:
होनोरातो बाल्दे, शेजारी
पुरिता सालासार, शिवणकाम
क्रिसांतो येपेस, निवृत्त पोस्टमन

तालोरा, ११ जून २०१९